'लेन्स गेली' या निदानाचा फेरविचार

सीडी प्लेयर सीडी उचलेनासा झाला की त्याच्यावर बहुधा एकच शिक्का बसतो: लेन्स गेली. छत्रपती संभाजीनगरचा पैठण गेट असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कारागिरांच्या बोलीत 'लेन्स' म्हणजे अख्खा पिकअप असतो. लेझर, भिंग, ते भिंग वरखाली आणि आडवे हलवणारी नाजूक गुंडाळी आणि परावर्तित उजेड टिपणारा डायोड, हे सगळे त्या एका शब्दात येते. निदान झटपट होते आणि पिकअप बदलल्यावर प्लेयर पुष्कळदा चालूही होतो, त्यामुळे त्याबद्दल शंका घ्यायची वेळ सहसा येत नाही. शंका मात्र घ्यायला हवी. जुना पिकअप काढून नवा बसवताना रुळांवरची धूळ पुसली जाते, ग्रीस बदलते, रिबनची टोके निघून पुन्हा घट्ट बसतात, आणि अनेक यंत्रांत पिकअपबरोबर तबकडी फिरवणारी मोटरही नवीच येते. एका दमात पाच गोष्टी बदलल्या तर बरे कशामुळे झाले हे कसे कळणार? सीडी प्लेयरच्या टिकाऊपणाचा सगळा प्रश्न मला या गुंत्यात दिसतो. हे यंत्र स्वतःची झीज स्वतःच झाकत असते, त्यामुळे ते एका दिवसात बिघडल्यासारखे वाटते, आणि ज्या भागाने शेवटी मान टाकली त्याच्यावरच सगळा आळ येतो.

आपल्याकडे हे यंत्र कोणत्या रूपात आले ते आधी पाहावे लागते. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली ही तबकडी ऑक्टोबर 1982 मध्ये सोनीच्या सीडीपी-101 या प्लेयरसह जपानी बाजारात आली. भारतात ती बराच काळ आयातीची, हौशी श्रीमंतांची वस्तू राहिली. मराठवाड्यातल्या सामान्य घरात 'सीडी' शिरली ती चित्रपटांच्या व्हीसीडीचे बोट धरून, साधारण शतक बदलण्याच्या सुमारास. त्यामुळे इथे सीडी प्लेयर म्हणजे बहुतेक वेळा टीव्हीखाली ठेवलेला व्हीसीडी किंवा डीव्हीडी प्लेयर. त्यावर चित्रपटही चालायचा, भीमगीतेही, कीर्तनही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून शे-दीडशे गाणी भरून आणलेली एमपीथ्री सीडीही. व्हिडिओकॉनचे घर तर छत्रपती संभाजीनगरच्याच उंबरठ्यावर होते. पैठण रस्त्यावरचे चितेगाव हा कंपनीचा नोंदणीकृत पत्ता. पुढे ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरने तीस-पस्तीस रुपयांत चित्रपट विकायला सुरुवात केली आणि तबकडी किराणा मालाइतकी सहज झाली. परदेशी मासिकांत सीडी प्लेयरच्या विश्वासार्हतेची चर्चा चालते ती छापील, मूळ, नीट जपलेल्या तबकडीवर. इथल्या प्लेयरने आयुष्यभर घरगुती बर्नरवर भरलेल्या, कागदी पाकिटात घासलेल्या, सुट्टीत चार घरे फिरून आलेल्या तबकड्या वाजवल्या. त्याचे मोजमाप त्याच कामावर व्हायला हवे.

ते काम किती कठीण आहे याचा अंदाज आकड्यांवरून येतो. तबकडीवरचा सर्पिल माग एकमेकांपासून 1.6 मायक्रॉन अंतरावर असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक फेरे बसतात. तबकडी फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली डुलली तरी चालते, पण भिंगाला तिच्यापासूनचे अंतर एक-दोन मायक्रॉनच्या आत राखावे लागते. तबकडी आतून बाहेर वाचली जाते आणि माग पिकअपवरून सारख्याच वेगाने सरकावा लागतो, म्हणून आतल्या कडेला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे आणि बाहेर जाता जाता दोनशे, असा मोटरचा वेग सतत उतरत जातो. इतक्या नाजूक कामात चुका होणारच, हे आराखडा करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. म्हणून माहिती सलग न लिहिता विस्कटून, पसरून लिहिली आणि तिच्यात रीड-सोलोमन संकेताची जोड दिली. सेकंदाला 7350 चौकटी वाचल्या जातात आणि त्यांतल्या सरासरी 220 सदोष असल्या तरी मानकाप्रमाणे तबकडी ग्राह्य ठरते. मागाच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खंड पडला तरी हा संकेत तो बिनचूक भरून काढतो. त्याहून मोठे भगदाड असेल तर शेजारच्या आवाजावरून अंदाज बांधून वेळ मारून नेली जाते आणि ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की डिजिटल यंत्र एक तर चालते नाहीतर बंद पडते; कॅसेटसारखे ते हळूहळू घोगरे होत नाही, मग झिजेची चर्चा कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे आणि तोच माझ्या मुद्द्याला बळ देतो. कॅसेटचे हेड झिजले की आवाज दबायचा आणि घरातल्या सगळ्यांना आधीच कळायचे. सीडी प्लेयरमध्ये सेकंदाला पन्नास चुकांच्या पाचशे झाल्या, पाचशेच्या हजार झाल्या, तरी गाणे तसेच ऐकू येते. आतली शिल्लक संपत आलेली असते, बाहेर सगळे आलबेल दिसते. मग एके दिवशी चुका भरून काढण्याच्या ताकदीपलीकडे जातात आणि पडद्यावर 'नो डिस्क' उमटते. झीज झाली काही वर्षांत, दिसली एका संध्याकाळी. म्हणून प्लेयरची तब्येत तपासायची तर तो चालतो का, एवढे विचारून भागत नाही. किती शिल्लक राखून चालतो, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. छापील तबकडी तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक परत पाठवते, घरी भरलेली सीडी-आर त्याहून थोडा कमी आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. सीडी-आरडब्ल्यू वाचायची सोय असलेला प्लेयर ती निमूट वाचत असेल तर त्याच्या गाठीशी भरपूर शिल्लक आहे. छापील वाजते, भरलेली अडखळते, अशी अवस्था असेल तर तो सूचना देतो आहे. आपल्याकडे मात्र त्या वेळी दोष तबकडीला दिला जातो.

तबकडीचा दोष कधीच नसतो असे अर्थातच नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात 1988 ते 1993 च्या सुमारास दाबलेल्या काही तबकड्या वरच्या लाखेच्या दोषामुळे पाकिटातल्या गंधकाने तपकिरी पडल्या, हे नोंदलेले प्रकरण आहे. रोजच्या वापरात लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. परावर्तक थर खालच्या चकचकीत बाजूपासून 1.2 मिलिमीटर आत, म्हणजे चित्राच्या बाजूला अगदी लगत असतो. खालचा ओरखडा परवडतो, वरचा परवडत नाही. आणि तबकडी पुसायची ती केंद्राकडून कडेकडे, गोल गोल कधीच नाही, कारण मागाच्या दिशेने पडलेला लांब चरा संकेताला सर्वांत जड जातो.

तबकडी निर्दोष असेल तर प्लेयरची लक्षणे कोणत्या क्रमाने येतात यावरून बरेच काही वाचता येते, आणि 'लेन्स गेली' हे निदान घाईचे का असते तेही इथेच कळते. ट्रे आत जातो, पिकअप रुळावरून अगदी आतल्या टोकाला सरकतो, तिथले छोटे बटण दाबले जाते, लेझर पेटतो, भिंग दोन-तीनदा वरखाली होऊन तबकडीचा पृष्ठभाग शोधते, तो सापडला की मोटर जोर धरते आणि सुरुवातीची अनुक्रमणिका वाचून गाण्यांची संख्या उमटते. बहुतेक प्लेयरमध्ये हाच क्रम असतो. ट्रे अर्धवट थांबतो किंवा आत जाऊन परत बाहेर येतो, तर पट्टा सैल झालेला असतो. दहा-पंधरा वर्षांत रबर ताणते, कधी चिकट होऊन वितळते, आणि हा दोष दुरुस्त करायला सर्वांत स्वस्त. पिकअप आतल्या टोकाला जाऊन कटकट वाजत राहिला तर ते बटण गंजलेले असू शकते. तबकडी फिरतच नाही म्हणून मोटर बदलणे ही मात्र खास फसगत. पृष्ठभाग सापडल्याशिवाय अनेक यंत्रे मोटरला पुढे जाऊच देत नाहीत, त्यामुळे निश्चल मोटर हा पुष्कळदा मळलेल्या भिंगाचा परिणाम असतो. पहिली गाणी अडखळतात आणि पुढची सुरळीत वाजतात, तर मोटरवर संशय घ्यावा, कारण सर्वाधिक वेग सुरुवातीला लागतो. उलट शेवटची गाणी अडकत असतील तर रुळावरचे ग्रीस वाळले असेल, दात्यांत कचरा असेल, किंवा तबकडीच वाकडी असेल. डुलणे बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त. आपल्याकडच्या डीव्हीडी प्लेयरांत आणखी एक खूण मिळते. त्यांत डीव्हीडीसाठी 650 आणि सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा असे दोन लेझर असतात. चित्रपटाची डीव्हीडी छान चालते आणि गाण्यांची सीडी उचलतच नाही, असे झाले तर दोष बहुधा 780 च्या बाजूचा. या एका प्रसंगात 'लेन्स गेली' म्हणणारा कारागीर बरोबर असण्याची शक्यता खूप.

खुद्द लेझरची झीज मोजता येते, पण ती सहसा मोजली जात नाही. सोनीच्या अनेक पिकअपवर कारखान्यात मोजलेल्या विद्युतप्रवाहाचा आकडा चिकटवलेला असतो. आजचा प्रवाह त्याच्याशी ताडून पाहिला आणि तो दहा टक्क्यांहून फार वर गेलेला दिसला की लेझर थकला आहे असे समजावे. तितकाच उजेड द्यायला तो आता जास्त वीज खातो. हे न करता पिकअपवरचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवायची, हा दुरुस्तीतला सर्वांत घातक शॉर्टकट आहे. भिंगावर धूळ होती म्हणून उजेड कमी पोहोचत होता. धूळ तशीच ठेवून लेझर जास्त पेटवला, सीडी वाजली, गिऱ्हाईक खूश, आणि काही महिन्यांनी लेझर खरोखरच गेला. निदान चुकीचे होते, उपचाराने ते खरे करून दाखवले. भिंग बहुधा प्लास्टिकचे असते, त्यामुळे थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव त्याला कायमचे धुरकट करू शकते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा आणि हलका हात एवढे पुरते. ब्रश चिकटवलेल्या 'क्लीनर सीडी'ने सुटी धूळ उडते, तेलकट थर मात्र जात नाही. आणि उघड्या प्लेयरमध्ये डोळा घालून लेझर पेटला का ते पाहू नये. तो उजेड जवळजवळ अदृश्य असला तरी डोळ्याला इजा करू शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो अनेकदा जांभळट ठिपका म्हणून दिसतो.

संभाजीनगरची हवा या शिल्लकीवर नेमका कसा हात मारते हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत वापराचे तापमान 5 ते 35 अंश सेल्सियस छापलेले असते. इथे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि काचेच्या शोकेसमध्ये, खाली तापलेला ॲम्प्लिफायर असलेल्या प्लेयरच्या पोटात त्याहून बरेच वर जातो. लेझर डायोडला उष्णतेत तेवढाच उजेड देण्यासाठी अधिक प्रवाह लागतो आणि त्याचे आयुष्य घटते. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरही उष्णतेनेच वाळतात. पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, उरलेले महिने कोरडे आणि धुळीचे, आणि घरांची दारे-खिडक्या उघड्या ठेवायची पद्धत. रत्नागिरी किंवा गोव्यात भिंगाला बुरशी आणि सांध्यांना गंज धरतो. इथे ग्रीस धूळ पिऊन घट्ट होते. कोकणातला आणि मराठवाड्यातला एकाच कंपनीचा प्लेयर दहा वर्षांनी दोन वेगळ्या आजारांनी आजारी असतो, पण निदान दोन्हीकडे एकच ऐकू येते. विजेचेही तसेच. 2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने दीर्घ भारनियमनात काढली. या शहरात तर 2011 ते 2014 या काळात वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे होते आणि त्यावर बरीच रणे माजली. वीज परत येताना बसणारा दाबाचा झटका सप्लायच्या भागाला लागतो. सप्लाय किंचित मऊ पडला तरी मोटर आणि भिंगाची गुंडाळी अडखळतात आणि लक्षण हुबेहूब लेन्स गेल्यासारखे दिसते. अडगळ वाटली तरी धूळ अडवणारे कापड, बंद करून प्लग काढण्याची सवय आणि ॲम्प्लिफायरपासून चार बोटे अंतर, या तीन गोष्टी महागड्या ब्रँडपेक्षा जास्त वर्षे देतात असे माझे मत आहे.

मग नवा, आधुनिक प्लेयर घ्यावा, तो तरी टिकेल, असे कोणी म्हणेल. मारांट्झसारख्या कंपन्या आजही घरगुती सीडी प्लेयर काढतात. सीडी6007 हे त्यांचे मॉडेल 2020 चे. त्यांचा आवाज, त्यांतील डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक, यूएसबीची सोय, हे जुन्यांपेक्षा सरस असेल. पण टिकाऊपणा ठरतो तो हलणाऱ्या भागांवर, आणि तिथे गेल्या काही दशकांत सुधारणेपेक्षा काटकसरच अधिक झाली. फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रांत ओतीव धातूच्या चौकटीवर झुलणारा हात होता. नंतर सगळे प्लास्टिकच्या तबकावर आले. प्लास्टिकचे काम वाईटच असते असे माझे म्हणणे नाही, आणि त्या देखण्या झुलत्या हातालाही आता सुटे भाग शोधत हिंडावे लागते. निवड करताना कसोटी हीच लावावी: यातला पिकअप शंभर वेगवेगळ्या मॉडेलांत वापरला गेला होता का? सोनीची केएसएस-213 मालिका किंवा सान्योचा एसएफ-पी101 हे असे भाग. ते स्वस्त सिस्टिममध्येही होते आणि महागड्या प्लेयरमध्येही, म्हणून आजही त्यांच्या प्रती बनतात आणि मिळतात. साठ हजारांचा प्लेयर दुर्मीळ यंत्रणेवर उभा असेल तर तो बिघडल्यावर शोभेची वस्तू होतो, आणि सहा हजारांची जुनी सिस्टिम पाचशे-सहाशेच्या भागावर पुन्हा उभी राहते. ऑनलाइन मिळणारे, भिंतीवर टांगायचे ब्लूटूथवाले स्वस्त प्लेयर मात्र या तर्कात बसत नाहीत. भाग मिळेल कदाचित, पण कवच उघडताना तुटते.

मिळणाऱ्या प्रतींचा दर्जा एकसारखा नसतो, हा आक्षेप रास्त आहे. नव्या नावाखाली जुने, पुसून ठेवलेले पिकअप विकले जातात, आणि चांगला भागही बसवताना मरतो. स्थिर विजेपासून वाचवण्यासाठी कारखान्यात लेझरची टोके सोल्डरच्या एका थेंबाने जोडून ठेवलेली असतात. रिबन लावल्यावर तो थेंब काढायचा असतो. तो काढायचा राहिला की लेझर पेटत नाही, आणि आधी काढला तर हाताच्या झटक्याने जळू शकतो. दोन्ही वेळी 'नवीन लेन्सही खराब निघाली' असे गिऱ्हाइकाला ऐकावे लागते. म्हणून आधी साफसफाई आणि ग्रीस, मग पट्टा आणि बटण, मग सप्लाय, मग मोटर आणि शेवटी पिकअप, या क्रमाचा मी आग्रह धरतो. कारागिराच्या बाजूने बोलायचे तर त्याला या क्रमाचे पैसे मिळत नाहीत. तासभर तपासून कंडेन्सर बदलला तर गिऱ्हाईक पन्नास रुपयांच्या भागाचे दोनशे का, म्हणून वाद घालते. पाचशेची लेन्स बदलली तर मुकाट्याने हजार देते. चुकीच्या निदानामागे अज्ञान कमी आणि हे गणित जास्त आहे. इथल्या विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी नाइलिटसारखी केंद्रीय संस्था आहे, शिवाय आयटीआय आहे. म्हणजे शिकलेले हात शहरात आहेत. ते मोबाइलकडे वळले, कारण तिथे तपासणीलाही भाव आहे.

कंपन्यांची जबाबदारी या चर्चेत बहुतेक वेळा सुटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू त्याच्या चार क्षेत्रांपैकी एक. मोबाइल आणि ट्रॅक्टरसाठी ते उपयोगी पडेल. सीडी प्लेयरला मात्र उशीर झाला, कारण इथल्या घरांत ज्यांचे यंत्र आहे त्यांतल्या अनेक कंपन्याच उरल्या नाहीत. व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मोझर बेअरचाही शेवट त्याच सुमारास झाला. सर्किटचा नकाशा मागायचा तर कोणाकडे? अशा वेळी सामायिक पिकअप आणि जुन्या यंत्रांतून काढून ठेवलेले भाग एवढाच आधार राहतो, आणि ई-कचऱ्याच्या नव्या नियमांखाली यंत्रे थेट भंगारात मोडली गेली तर तोही आटत जाणार.

उरतो सर्वांत जोरकस आक्षेप: हे सगळे कशासाठी? गाणी फोनवर आहेत, सारेगामाने 2017 मध्ये कारवां काढून तबकडीशिवायच जुनी गाणी घरात पोहोचवली, आणि स्ट्रीमिंग ज्या काचेच्या तंतूवरून धावते तो तंतू तर याच शहराच्या वाळूजमध्ये तयार होतो. लोकप्रिय संगीतापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी प्लेयर दुरुस्त करणे ही हौस आहे आणि हौस म्हणूनच करावी. प्रश्न तिथे येतो जिथे दुसरी प्रतच नाही: गावच्या सप्ताहातले कीर्तन, स्थानिक शाहिराचा जलसा, लग्नाचे चित्रण, आजोबांचे भाषण, सगळे कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सीडी-आरवर भरलेले. सीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. तबकडी फिकी पडत चालली आहे आणि तिला वाचणारे यंत्रही स्वतःची शिल्लक गमावते आहे. दोन्ही झिजा एकाच वेळी चालू आहेत. एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि प्लेयर विसरा, हा सल्ला बरोबरच आहे, पण उतरवून घेणारा डीव्हीडी रायटरही अशाच पिकअपवर चालतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये तो येतही नाही. चुका मोजत, अडखळलेला भाग पुन्हा पुन्हा वाचत उतरवणारी प्रणाली वापरावी, कारण साध्या पद्धतीने घेतलेल्या प्रतीत अंदाजाने भरलेले आवाज खऱ्यासारखेच बसतात. एका ड्राइव्हवर न उचललेली तबकडी दुसऱ्यावर आणि जुन्या प्लेयरवरही लावून पाहावी. प्रत्येक यंत्राची शिल्लक वेगळी असते, आणि डिजिटल आउटपुट असलेला चांगल्या स्थितीतला जुना प्लेयर कधी कधी नव्या पातळ ड्राइव्हने नाकारलेली सीडी वाचतो. आणि हे काम उन्हाळा लागण्याआधी, म्हणजे मार्चच्या आधी करावे.